सात आठे छप्पन्न म्हटलं की उघडणारं कुलूप: मुलांच्या व्हिडिओ ॲपचे चार महिने

जूनमध्ये पाऊस लागला, मुलं घरात कोंडली गेली. तेव्हाच टॅबवरून मोठ्यांचं ॲप काढलं आणि मुलांसाठीचं वेगळं व्हिडिओ ॲप घातलं. सर्च बंद, ऑटोप्ले बंद, अर्ध्या तासाचा टायमर. वेळ संपली की ॲप लॉक. पहिले दोन महिने इथल्या, गोव्यात डिचोलीतल्या, सगळ्या नातेवाइकांना मी हेच घ्या म्हणून सांगत होते. त्यातलं थोडं आता मागे घेते.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधायची होती. सुपारीचं शिपटं, तोरिंगं, आंबाडे, घरातले सगळे हात त्यात गुंतलेले. मुलं आतल्या खोलीत गप्प. दीड तासाने आत गेले तर टॅब चालूच! पालकांचं कुलूप उघडायला ॲप गुणाकार विचारतं. आमचा थोरला आठ वर्षांचा, आणि सासूबाई दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर पाढे म्हणून घेतातच. सात आठे छप्पन्न म्हणायला त्याला वेळ लागला नाही. टायमर त्याने तीनदा वाढवला होता.

त्याच्यावर मी रागावले नाही. राग कुलपावर आहे, आणि अजून गेलेला नाही. ज्या ॲपमध्ये नऊ ते बारा वर्षांच्या मुलांचा वेगळा विभाग आहे, त्याने मोठं माणूस ओळखायला पाढे विचारावेत? धाकटी चार वर्षांची. दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून जास्त स्क्रीन नको, जितकी कमी तितकं बरं, असं इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय. त्या दुपारी तिचा दीड तास गेला, तोही मी घरात असताना.

सेटिंगमध्ये स्वतःचा चार आकडी पासकोड ठेवता येतो. दोन मिनिटांचं काम, पण आपणहून शोधावं लागतं. पहिल्याच दिवशी करा. जन्मसाल ठेवू नका, माझं थोरल्याने ओळखलं.

पासकोडनंतर धाकटीचं रडणं सुरू झालं. गोष्ट मध्यावर असताना वेळ संपते, आणि ससा घरी पोचला की नाही हे तिला कळत नाही. टायमरच वाईट, असं मी ठरवून टाकलं होतं. आता आधी दोन व्हिडिओ ठरवतो, त्यांची मिनिटं मोजतो आणि तेवढाच टायमर लावतो. कधी अठरा, कधी तेवीस. रडणं जवळजवळ थांबलं.

एका रविवारी बसून फक्त मी निवडलेलेच चॅनल दिसतील असं केलं. कंटाळवाणं काम, पण पैसा लागला नाही. आणि जे झालं त्याची अपेक्षा नव्हती: पाहून झालेलंच पुन्हा समोर येतं म्हणून थोरला कधी कधी वेळ उरलेली असतानाच उठून अंगणात जातो.

सासऱ्यांच्या फोनवर मात्र अजून मोठ्यांचंच ॲप आहे. तिथे माझा पासकोड चालत नाही, आणि नातवंडांना नको म्हणणं त्यांना जमत नाही. परवा जेवताना विषय काढला, त्यांनी ऐकून घेतलं, फोन खिशात ठेवला. चवथीची सुट्टी संपून गेली, तरी पुढचं तसंच राहिलंय.