तारकर्लीचा होमस्टे: ग्लूटेन चालत नसेल त्यांनी जरूर वाचा

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक हा आजार आहे, म्हणजे ग्लूटेन हे प्रथिन ज्यात असतं ते गहू, रवा, मैदा, जव कणभरही चालत नाही, त्यामुळे कुठे राहायला जायचं म्हटलं की माझ्या पोटात आधी गोळाच येतो. मागच्या वर्षी एका हॉटेलात हो हो मॅडम तांदळाचीच भाकरी म्हणाले आणि भाजली चपातीच्याच तव्यावर, पोर दोन दिवस उलट्या करत होती. यावेळी तारकर्लीला एका घरगुती होमस्टेत तीन रात्री राहिलो आणि खरंच सांगते, पहिल्याच जेवणाला डोळ्यात पाणी आलं माझ्या. काकूंना फोनवर सगळं सांगितलेलं, तर त्यांनी तिच्यासाठी नवा तवा आणि उलथनं वेगळं ठेवलेलं, वर हिंगाची डबी स्वतःहून आणून मला लेबल वाचायला दिली!! बाजारच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, हे कोणी लक्षातच घेत नाही. सकाळी घावनं आणि खोबऱ्याची चटणी, दुपारी भात, सोलकढी, आणि सुरमई रव्याऐवजी तांदळाच्या पिठात घोळवून, अशी कुरकुरीत की बस. वडे मात्र तिला वाढले नाहीत, पिठात थोडे गहूही दळलेत असं सरळ सांगून टाकलं, ते मला सगळ्यात जास्त आवडलं. बाथरूम लहान आहे, नेटवर्क नावालाच. जाणार असाल तर दोन दिवस आधी फोन करून नीट सांगा. शेवटच्या दिवशी लेकीने तीन घावनं खाऊन चौथं मागितलं.