एआर हेडसेट घालून क्राइम सीन: काही महिने वापरल्यावर

आधीच सांगतो, खऱ्या खुनाच्या जागेवर नाही, फॉरेन्सिकच्या पोरांना शिकवायला मॉक सीनची खोली असते ना, तिथे वापरलंय. पलंग, आरशाचं कपाट, फरशीवर नकली रक्त. एआर हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चढवायचा चष्मा, समोरच्या खऱ्या खोलीवरच नंबर, बाण, मेन्यू दाखवतो. आमच्या हेडसेटचं नाव घेत नाही.

डेमोत भारी वाटतं. हवेत चिमटी काढली की पुराव्यावर नंबर चिकटतो, आणि लांब बसलेला सिनियर तुम्ही बघताय तेच स्क्रीनवर बघून बाण काढतो, की तो कोपरा बघ. हे फीचर खरंच कामाचं. बीएनएसएस म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा, त्याच्या कलम १७६(३) प्रमाणे ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस जागेवर जायला हवा, व्हिडिओ कॉलने ते भागत नाही, पण गेलेला ज्युनियर असेल तर कानात सिनियर असलेला कधीही बरा.

पण ग्लोव्हज घाला मग मजा कळते. नायट्राइलचे दोन जोड चढवले की चिमटी कधी ओळखतो कधी नाही, पोरं डास मारत असल्यासारखी हात हलवत बसतात, वर मास्कमुळे काचेवर वाफ, आणि मेन्यू नेमका रक्ताच्या डागावर येऊन बसतो, म्हणजे जे बघायला आलो तेच झाकलं!

सगळ्यात डोकेदुखी म्हणजे मार्कर सरकणं. ३ नंबर चाकूपाशी लावला, कपाटाला वळसा घालून आलो तर तो पलंगाखाली. आरसा, काच, कोरी भिंत, अंधार असला की कॅमेऱ्याला धरायला खुणाच मिळत नाहीत. लाइट गेलेल्या घरात पंचनामा करणाऱ्याने काय करायचं? म्हणून मापं आम्ही अजून टेपनेच घेतो, दोन पक्क्या जागांपासून, आणि प्लास्टिकचे पिवळे नंबर ठेवतोच.

आवडलं ते वेगळंच. आयफोनच्या प्रो मॉडेलमध्ये २०२० पासून लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, येतो, पल्ला साधारण ५ मीटर, छोटी खोली काही मिनिटांत स्कॅन होते. मग सगळा पसारा उचलला तरी रिकाम्या खोलीत टॅबलेट धरून बॉडी कुठे होती ते जागच्या जागी दिसतं. साक्षीदार म्हणतो मी दारातून पाहिलं, तर दारात उभं राहून बघा ना, पलंगामागचं दिसतं का. फोटोंच्या अल्बममधून पोरांना हे नाही कळत. बारीक मापाला मात्र ट्रायपॉडवरचा लेझर स्कॅनरच लागतो, तिथे फोनवर विसंबू नका.

आणि कोर्टाचं काय ते कोणी विक्रेता सांगत नाही. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू टाकायची असते, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, फाइल जरा बदलली की तोही बदलतो. आमचं सॉफ्टवेअर स्कॅन थेट क्लाउडवर चढवून स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये ठेवायचं, मग हॅश काढायचा नेमका कशाचा? घेण्याआधी हे लेखी विचारा, आणि सर्व्हिस किती वर्षं मिळेल तेही, कारण होलोलेन्स २ या एआर हेडसेटचं उत्पादन खुद्द मायक्रोसॉफ्टनेच २०२४ मध्ये बंद केलंय. मला विचाराल तर हेडसेट राहू द्या, लायडारवाला टॅबलेट घ्या आणि उरलेल्या पैशात चांगले स्टँडचे दिवे.