शोधपेटी की फिल्टर? बियाण्यांच्या ॲपवर आधी खर्च कशावर करायचा

शेतकरी कंपनीसाठी किंवा कृषी सेवा केंद्रासाठी बियाण्यांचं ॲप करून घेणारे परभणी-लातूरकडचे लोक पहिल्याच बैठकीत विचारतात: वर नुसती शोधपेटी (नाव टाइप करून शोधायची चौकट) ठेवू, की फिल्टर (पर्याय निवडून यादी गाळायची सोय) लावू? ‘दोन्ही हवं’ हे उत्तर खरं आहे, पण बिनकामाचं. पैसा एका वेळी एकालाच पुरतो.

ज्याला नाव ठाऊक आहे त्याला शोधपेटी लागते. आपल्याकडे नाव सगळ्यांनाच ठाऊक असतं, फक्त ते पिशवीवर छापलेलं नसतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं सोयाबीन कागदावर ‘एमएयूएस ६१२’, काउंटरवर ‘सहाशे बारा’. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘केडीएस ७२६’ सोयाबीनला सगळे ‘फुले संगम’ नाहीतर नुसतं ‘संगम’ म्हणतात. ‘बीडीएन २०१३-४१’ असं म्हणून तूर मागणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तो ‘गोदावरी’ मागतो. अक्षराला अक्षर जुळवणाऱ्या शोधपेटीला यातलं काहीच सापडत नाही. मग शेतकरी फोन खिशात घालतो आणि दुकानदाराला विचारतो.

यावर उपाय स्वस्त आहे. प्रत्येक वाणाला बोलीतल्या नावांची यादी जोडायची. शोधण्याआधी ह्रस्व-दीर्घ एक करायचं, ‘612’ आणि ‘६१२’ सारखेच मानायचे, मधली जागा आणि आडवी रेघ काढून टाकायची. ‘तुर’ लिहिलं म्हणून कुणी रिकाम्या हाताने परत जाता कामा नये. टायपिंगची चूक पोटात घालायची सोयही ठेवा, पण फक्त अक्षरांपुरती. आकड्यांना ती लावली तर घात होतो: ‘बीडीएन ७११’ पांढरी तूर, ‘७१६’ लाल. फरक एका आकड्याचा, पण शेतात पीक दुसरंच.

फिल्टर वेगळ्या गिऱ्हाइकाचा. ‘कोरडवाहू रान आहे, लवकर निघणारं काय आहे?’ असं विचारणाऱ्याला शोधपेटी काही देत नाही. त्याला पीक, किती दिवसांचं, कोरडवाहू की बागायती, तुरीला दाण्याचा रंग, एवढं पुरे. इथे डेव्हलपर हमखास घोळ घालतात: डेटाबेसमध्ये जेवढे रकाने तेवढे फिल्टर. लॉट नंबर (बियाण्याच्या खेपेचा क्रमांक), उगवण टक्केवारी, सगळं स्क्रीनवर. प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हा निकषच आहे. त्यावर कोण गाळत बसणार? ती माहिती वाणाच्या पानावर जाऊ द्या.

एकाच गटात दोन पर्याय निवडले तर ‘हे किंवा ते’, आणि वेगवेगळ्या गटांत निवडले तर ‘हेही आणि तेही’ असा अर्थ लागायला हवा. प्रत्येक पर्यायापुढे किती वाण आहेत तो आकडा असावा, शून्य असेल तिथे पर्याय फिका दिसावा. निवडलेलं सगळं वर दिसत राहावं आणि एका बोटाने पुसता यावं. एवढं जमलं तरी शोभेच्या निम्म्या गोष्टींची गरज उरत नाही.

टिकमार्क केल्याबरोबर यादी बदलावी की शेवटी बटण दाबावं? दुकानातल्या संगणकावर लगेच बदललेली बरी. पण बांधावर, रेंज येते-जाते तिथे, प्रत्येक स्पर्शाला फिरणारं चक्र बघणं म्हणजे शिक्षा. तिथे खाली एकच मोठं बटण द्या, ‘९ वाण दाखवा’ असं आकड्यासह.

माझं मत: चाळीस-पन्नास वाणांची यादी असेल तर सगळा खर्च शोधपेटीच्या नावांवर करा, फिल्टर दोनच ठेवा, पीक आणि दिवस. अनेक दुकानांचा साठा एकत्र दाखवायचा असेल तर मात्र गणित उलटतं. तिथे तालुक्याचा फिल्टर आधी हवा, नाहीतर जिंतूरच्या माणसाला उदगीरचा माल दिसेल. आणि जिल्ह्यांची दोन्ही नावं चालू द्या. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण बोटांची सवय अजून जुनीच आहे.

नावांची यादी ऑफिसात बसून करू नका. मृगाच्या आधी चार दिवस काउंटरमागे वही घेऊन बसा, लोक जसं मागतात तसंच लिहा, आणि ती वही दुरुस्त न करता डेव्हलपरच्या हातात द्या.