चिकानो पार्क, सॅन डिएगो: साल्वाडोर टोरेस कळायचे असतील तर या खांबांखाली दोन तास काढा

चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. त्यांच्या वस्तीतलं, कोरोनाडो पुलाखालचं चिकानो पार्क बघायला येणारे बहुतेक जण पुलाखाली गाडी लावतात, चार खांबांचे फोटो काढतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. प्रवेश फुकट आहे, म्हणून वेळही कमी द्यायचा असं काही नाही. सुमारे साडेसात एकर जागेत ऐंशीच्या आसपास भित्तिचित्रं आहेत आणि ती कुठल्या क्रमानं बघता यावर निम्मं अवलंबून आहे.

पार्किंगची कटकट नको असेल तर ट्रॉलीची ब्लू लाइन घ्या. सान इसिद्रोच्या दिशेनं जाताना ट्वेल्थ अँड इम्पीरियलनंतरचं पुढचंच स्टेशन बॅरिओ लोगन. तिथून सीझर चावेझ पार्कवेनं समुद्राकडे पाठ करून चालत राहिलं की मेन, न्यूटन आणि नॅशनल ओलांडून लोगन ॲव्हेन्यूच्या अलीकडे पुलाचे खांब लागतात.

आता टोरेस, या पार्कमागचे चित्रकार. जन्म १९३६, एल पासो. वाढले याच लोगन हाइट्स वस्तीत. ओकलंडच्या कॅलिफोर्निया कॉलेज ऑफ आर्ट्स अँड क्राफ्ट्समध्ये शिकून ते परतले, तेव्हा वस्ती चिरली गेली होती. १९६३ मध्ये इंटरस्टेट ५ हा महामार्ग वस्तीमधून गेला, १९६९ मध्ये कोरोनाडो पूल झाला. घरं पाडून उरलेल्या जागेत राहिले ते करडे काँक्रीटचे खांब. शेतमजूर संघटनेचा गरुड घेऊन केलेलं त्यांचं १९६९ मधलं ‘विवा ला रासा’ हे तैलचित्र त्यांच्या सर्वांत ओळखीच्या कामांपैकी आहे. पण ज्या कामानं त्यांचं नाव राहिलं, त्याला एक कॅनव्हास पुरणारा नव्हता. हेच खांब रंगवायचे, मेक्सिकोच्या भित्तिचित्रपरंपरेची चिकानो वस्तीतली पुढची पायरी इथे उभी करायची, ही कल्पना त्यांची. बॅल्बोआ पार्कमधल्या जुन्या पाण्याच्या टाकीत १९७१ मध्ये सुरू झालेल्या सेंत्रो कल्चरल दे ला रासा या सांस्कृतिक केंद्राच्या आणि ‘तोल्तेकास एन आस्त्लान’ या कलावंत गटाच्या उभारणीतही ते होते. टोरेस यांना केवळ चित्रकार म्हणून मोजलं तर हा माणूस हातातून निसटतो. त्यांनी इतरांच्या हातात भिंती दिल्या, आणि पार्क बघताना हे सतत जाणवतं.

पण आधी जागा मिळवावी लागली. इथे पार्क होणार असं वस्तीला सांगितलं गेलं होतं. २२ एप्रिल १९७० ला बुलडोझर आले, ते हायवे पेट्रोलच्या, म्हणजे महामार्ग पोलिसांच्या ठाण्यासाठी. लोकांनी जागा अडवली, १२ दिवस सोडली नाही. दरवर्षी २२ एप्रिलच्या आसपासच्या शनिवारी चिकानो पार्क डे भरतो, तो याच दिवसाची आठवण म्हणून. लोरायडर (जमिनीलगत खाली बसवलेल्या, सजवलेल्या) गाड्या आणि नाच बघायचे असतील तर तेव्हा या. चित्रं बघायची असतील तर तो दिवस टाळा, गर्दीत खांबाचा तळ दिसत नाही.

चित्रांच्या पाहणीची सुरुवात १९७३ च्या कामांपासून करा. पुलाच्या उताराच्या भिंतीवरचा केत्साल्कोआत्ल (प्राचीन मेक्सिकोचा पिसांचा सर्पदेव) आणि शेजारी इतिहासपुरुषांचं चित्र, ही पहिली खेप. मार्च १९७३ मध्ये वस्तीतली माणसं, मुलंसुद्धा, ब्रश घेऊन इथे उतरली होती. नंतर सॅक्रामेंटोहून रॉयल चिकानो एअर फोर्स या कलावंत गटाची मंडळी आली, त्यात होजे मोन्तोया आणि एस्तेबान विया. लॉस एंजेलिसकडचेही आले. त्यामुळे खांबाखांबाला हात बदलतो, आणि हा बदल ओळखू येऊ लागला की मजा सुरू होते.

जवळ जाऊन एक गोष्ट नक्की बघा. खांब इंग्रजी टी आकाराचे आहेत, वरच्या आडव्या हातांवर रस्ता टेकलेला. कमजोर चित्रकार या आकाराला चौकोनी पान समजून त्यावर चित्र चिकटवतो. मारिओ तोरेरो यांच्या १९७४ च्या ‘कोलोसस’मध्ये मात्र खांबच माणूस होतो आणि पूल त्याच्या हातांवर येतो. वरून ट्रक गेला की त्या हातांवरचा भार खरा वाटतो. पार्कमधलं माझ्या मते हे सर्वांत अक्कलहुशारीचं काम.

काँक्रीटवर रंग धरून ठेवणं किती कठीण, हे माहीत असेल तर इथली झीज वाचता येते. काँक्रीट अल्कधर्मी असतं आणि आत ओल असली तर ती क्षार घेऊन बाहेर येते. पांढरी भुकटी, फुगे, मग पापुद्रे, हा नेहमीचा क्रम. म्हणून नव्या काँक्रीटला साधारण २८ दिवस तरी द्यायचे. जुन्या भिंतीची तेलकट काजळी काढून म्युरिॲटिक ॲसिड साधारण एकास दहा पाण्यात पातळ करून धुवायची (ॲसिड पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही), आणि भरपूर पाण्यानं ॲसिड पूर्ण काढायचं. इथेच घाई होते. ॲसिडचा अंश राहिला तर अस्तर वर्षभरात सुटतं आणि दोष रंगाच्या डब्याला मिळतो. पूर्ण वाळल्यावर अल्कली सोसणारं अस्तर, मग ॲक्रिलिकचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर कातडी धरते आणि तडकते. उन्हात भडक गुलाबी-जांभळे आधी उडतात, गेरू आणि थॅलो निळा-हिरवा टिकतो. पुलाच्या सावलीतली बाजू आणि उघडी बाजू शेजारी ठेवून पाहा, फरक स्पष्ट दिसेल.

शेवटचा थर संरक्षणाचा. मेणाचा थर असेल तर गिचमिडी गरम पाण्यानं मेणासकट निघते, पण नंतर तो पुन्हा द्यावा लागतो. कडक पॉलियुरेथेन जास्त टिकतं, पण आत ओल अडकली तर चित्र दुधाळ होतं आणि थर काढताना रंगही येतो. ओल असलेल्या भिंतीवर मी कधीही मेणच निवडेन.

पुलाचा मालक कॅलट्रान्स, म्हणजे कॅलिफोर्नियाचं वाहतूक खातं आहे, याचा ताण जुना. १९९० च्या दशकात भूकंपासाठी खांब मजबूत करायचे होते. बाहेरून आवरण चढवलं असतं तर चित्रं गडप झाली असती. कलावंत आणि वस्ती अडून बसली, आणि चित्रं वाचतील अशा रीतीनं काम झालं. पुढे २०११-१२ मध्ये सुमारे १६ लाख डॉलर्सच्या संघीय निधीतून १८ चित्रांची दुरुस्ती झाली, मूळ चित्रकारांना सोबत घेऊन. हे महत्त्वाचं, कारण दुसऱ्याच्या हातानं केलेल्या दुरुस्तीत रेषा आधी मरते. २०१६ च्या अखेरीस पार्कला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

उणिवाही आहेत. डोक्यावर सतत वाहतूक, त्यामुळे लहान गटातही बोलणं नीट ऐकू येत नाही. इतिहास न वाचता आलात तर ‘वार्रिओ सी, योंकेस नो’ (वस्ती हवी, भंगारयार्ड नकोत) या चित्रातली ओळ ही फक्त रंगीत घोषणा वाटेल. वस्तीत मोडक्या गाड्यांचे यार्ड घुसवण्याविरुद्धचा राग त्यात आहे हे कळणार नाही. म्हणून नॅशनल ॲव्हेन्यूवर २०२२ मध्ये उघडलेलं चिकानो पार्क म्युझियम आधी बघा, खांब नंतर. वेळा निघण्यापूर्वी तपासून घ्या.

फोटो खुशाल काढा, पण ते छापायचे किंवा विकायचे असतील तर परवानगी चित्रकाराची लागते. चित्रं सार्वजनिक जागेत असली तरी हक्क त्यांचे आहेत. चौकशी चिकानो पार्क स्टीअरिंग कमिटीकडून सुरू करा. १९७० पासून पार्कची राखण तीच करते.