घडीची .२२ रायफल, उन्हाळा ते हिवाळा सॅकमध्ये वागवल्यावर: सगळं येऊन अडतं बिजागरीपाशी

रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग, ज्या बिजागरीवर दुमडतो तिच्यात जेमतेम एक मिलिमीटरची ढिलाई आली आणि तिच्यापायी मी उरलेला हिवाळा कंपनीशी पत्रव्यवहार करण्यात घालवला. तेव्हा या अनुभवात बिजागरीबद्दल बरंच आणि बाकी गोष्टींबद्दल थोडंच असणार, हे आधीच सांगतो. रायफल नेहमीच्या जातीचीच आहे: .२२ एलआर (लहान, हलकं काडतूस), सेमी-ऑटो (दर बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी), सोळा इंची बॅरल, दहा काडतुसांचं मॅगझीन, डाव्या अंगाला दुमडणारा पॉलिमरचा दस्ता, वजन साडेचार पौंडांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही. दुमडणारा दस्ता असलेली कुठलीही रायफल घेणार असाल तरी पुढचं सगळं तपासून बघण्यासारखं आहे.

मी पेनसिल्वेनियाच्या पश्चिम भागात राहतो आणि ॲलेगेनी राष्ट्रीय वनात सॅक घेऊन हिंडतो. लहान शिकारीसाठी सेमी-ऑटो रायफलीला या राज्यात २०१७ पासून परवानगी आहे. खारींच्या हंगामात शिकारीला उपयोगी पडेल आणि एरवी आडवाटेच्या मुक्कामांना सॅकच्या कडेला पडून राहील, अशी एकच बंदूक मला हवी होती. शिकारीला एक आणि ट्रेकला दुसरी, असा दुहेरी खर्च मला पटत नाही.

पहिल्या काही मुक्कामांत मी नाराजच होतो. घडी केल्यावरही लांबी पंचवीस-सव्वीस इंच राहते, कारण बॅरल आणि रिसीव्हर (बोल्ट आणि ट्रिगर बसवलेला मधला भाग) तेवढेच राहतात, फक्त दस्ता बाजूला येतो. साठ लिटरच्या सॅकमध्ये ती उभी बसते, पण मग स्लिपिंग बॅग आडवी टाकता येत नाही. एआर-७ डोळ्यांसमोर होतीच. यूजीन स्टोनरने १९५९ च्या सुमारास केलेली ही रायफल सुटी करून स्वतःच्या पोकळ दस्त्यात भरता येते, साडेसोळा इंचांत मावते, साडेतीन पौंडांची आहे आणि पाण्यावर तरंगते. तिचा वारसा अमेरिकी हवाई दलाच्या एआर-५ चा. ती .२२ हॉर्नेट या काडतुसाची बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर बारानंतर हाताने भरायची रायफल, विमान पडलं तर वैमानिकाला जगता यावं म्हणून केलेली आणि १९५६ मध्ये एमए-१ या नावाने निवडलेली. एवढं सगळं साडेसोळा इंचांत मावत असताना मी सव्वीस इंचांचं ओझं का वाहतोय, हा प्रश्न उन्हाळाभर मनात होता.

ऑक्टोबरच्या पावसात मत बदललं. सुट्या होणाऱ्या रायफलीत दस्ता स्क्रूने आणि बॅरल नटाने बसवावं लागतं, मग मॅगझीन. बोटं गारठलेली, खाली ओला पाचोळा, अशा वेळी एक जरी भाग हातातून निसटला तर खेळ संपला. घडीच्या रायफलीत सुटं काहीच नसतं. सॅकमधून काढली, दस्ता फिरवला, खटका बसल्याचा आवाज आला की तयार. शिवाय बॅरल रिसीव्हरपासून कधीच वेगळं होत नाही, त्यामुळे नेम जिथे लावून ठेवला तिथेच राहतो. नऊ-दहा इंच जास्त लांबीच्या बदल्यात हा सौदा मला आता शंभर टक्के मान्य आहे. पण हा सगळा सौदा त्या एका खटक्यावर उभा आहे, आणि तोच फेब्रुवारीत बसेना.

दुपारभर भुरभुर बर्फ पडत होता. सॅकच्या कडेने तो आत शिरला, वितळला आणि संध्याकाळी पारा उतरल्यावर बिजागरीच्या खाचेतच गोठला. खटका म्हणजे स्टीलची एक पाचर. दस्ता उघडला की स्प्रिंगच्या जोराने ती पॉलिमरच्या खोबणीत शिरते. खोबणीत बर्फाचा तांदळाएवढा खडा असला तरी पाचर पूर्ण आत जात नाही. दस्ता उघडा दिसतो, पण खांद्याला लावला की झुलतो. मॅगझीन काढलं, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे हे बोट घालून पाहिलं आणि बिजागरी जाकिटाच्या आत धरून बसलो. बर्फ वितळला, पाचर बसली. पण त्या दिवसापासून दस्ता पक्का उघडलेला असतानाही किंचित हलायला लागला. अर्धवट बसलेल्या पाचरीने खोबणीची कड खाल्ली होती.

एवढ्याशा ढिलाईने काय बिघडतं, असं कुणीही विचारेल. मला दुकानातही हेच ऐकवलं गेलं. त्यांच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे: नेम धरायची पुढची आणि मागची खूण, म्हणजे साइट, दोन्ही दस्त्याच्या पुढे, बॅरल आणि रिसीव्हरवर बसलेली असतात, त्यामुळे दस्ता हलला म्हणून साइटचा मेळ बिघडत नाही. पण रायफल नुसत्या साइटने चालत नाही. गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकला तर डोळा त्याच रेषेत येतो आणि खांद्याचा दाब त्याच दिशेने पडतो. दस्ता डावी-उजवीकडे हलला की दोन्ही गेलं. टेकण लावून बसलो तर २५ यार्डांवर गोळ्या आधी एका इंचाच्या आत पडत होत्या. खटका झिजल्यावर त्याच काडतुसांनी तो घेर जवळजवळ दोन इंचांवर गेला. खारीच्या डोक्याचा आकार लक्षात घ्या, म्हणजे हा फरक किती मोठा आहे ते कळेल. साफ मार लागणार की जनावर जखमी होऊन झाडाच्या ढोलीत जाऊन मरणार, हे याच एका इंचावर ठरतं. म्हणून मी हट्टाला पेटलो.

कंपनीचं पहिलं उत्तर: ही ढिलाई ठरलेल्या मर्यादेत बसते. फोटो पाठवले. दुसरं उत्तर: घडीचा दस्ता ही ॲक्सेसरी आहे, वॉरंटी रायफलीची. हे वाचून माझा संताप झाला. रायफल विकताना डब्यावर सगळ्यात मोठं चित्र दुमडलेल्या दस्त्याचं, जाहिरातीत पहिला शब्द घडीचा, जास्तीचे पैसे घडीचेच. आणि तीच घडी मोडली की ती ॲक्सेसरी? मी तसंच लिहिलं, त्यांच्याच जाहिरातीचं पान जोडून. मग म्हणाले, पूर्ण रायफल पाठवा. दुरुस्तीसाठी रायफल थेट उत्पादकाकडे पाठवायला आणि ती थेट मालकाकडे परत यायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही. पण पाठवणीचा खर्च माझ्या माथी होता. मी नकार दिला. कायद्याने बंदूक म्हणजे क्रमांक कोरलेला रिसीव्हर. दस्ता हा नुसता सुटा भाग, तो साध्या पोस्टाने जातो. फक्त दस्ता पाठवतो म्हटलं, बऱ्याच रेट्यानंतर त्यांनी मानलं.

परत आला तो नवाच दस्ता होता, आणि खोबणीच्या आत आता स्टीलचा पत्रा बसवलेला आहे. पैसे घेतले नाहीत. म्हणजे दुखणं कुठे आहे ते कंपनीला ठाऊक होतं, उपायही तयार होता, पण मागितल्याशिवाय द्यायचा नाही, असं धोरण दिसतं. नव्या खोबणीत ढिलाई नाही आणि गोळ्यांचा घेर पुन्हा इंचाच्या आत आला आहे. मी राग सोडलेला नाही, पण रायफलीबद्दलचं मत पुन्हा सुधारलं.

बाकी गोष्टी थोडक्यात. ट्रिगर जड आहे, सवयीने जमतो. ही ब्लोबॅक रायफल आहे, म्हणजे बोल्ट (काडतुसाला मागून बंद धरणारा सरकता भाग) मागे ढकलायला लागणारा सगळा जोर काडतुसातूनच यायला हवा. कमी वेगाच्या, आवाजाच्या वेगाखालच्या गोळ्यांना माझी रायफल थंडीत अडखळते, ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाच्या गोळ्या बिनतक्रार चालतात. स्वस्त म्हणून घाऊक डबा घेण्याआधी दोन-तीन प्रकारची एकेक पेटी चालवून बघा, पैसे वाचतील. थंडीत बोल्टला तेल जवळजवळ नकोच. घट्ट झालेलं तेल हलक्या बोल्टला धरून ठेवतं. नेम ५० यार्डांवर लावला तर १०० यार्डांवर गोळी सहा-सात इंच खाली जाते, तेव्हा लांबच्या बढाया सोडून द्या. नेमबाजीनंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नका, .२२ ची गोळी बहुतेक उघड्या शिशाची असते.

सर्व्हायव्हल हा शब्द या रायफलींना फार सहज चिकटवला जातो, आणि मला तो खटकतो. जंगलात वाट चुकलेल्या माणसाला पहिला धोका थंडीचा, दुसरा पाण्याचा, भूक फार मागाहून येते. शंभर काडतुसांचं वजन साधारण ३३० ग्रॅम भरतं. तेवढ्याच वजनात कोरडे मोजे, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या आणि एक लायटर बसतं, आणि जागा एकाचीच असेल तर मी त्यांची निवड करीन. नुसत्या सशाच्या मांसावर माणूस टिकत नाही, त्यात चरबी जवळजवळ नसते. ससा सोलताना हातमोजे घाला आणि मांस पूर्ण शिजवा, टुलरेमिया या जिवाणूजन्य आजाराचा संसर्ग त्यातून होतो. अस्वलासाठी .२२ आहे असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ओळीने तीन बार हा मदतीचा ओळखीचा इशारा आहे. तेवढा उपयोग मात्र खरा.

आता कायदा, कारण इथे बिजागरी पुन्हा आडवी येते. ॲलेगेनीच्या उत्तरेला लागूनच न्यूयॉर्क राज्याची हद्द आहे. तिथे सेमी-ऑटो रायफल, काढता येणारं मॅगझीन आणि दुमडणारा दस्ता हे तीन एकत्र आले की ती बंदी असलेल्या प्रकारात मोडते, .२२ असली तरी. पायवाटेने चालताना हद्द कळत नाही, म्हणून त्या बाजूच्या ट्रेकला मी ही रायफल नेतच नाही. सुट्या होणाऱ्या रायफलीला तिथे ही अडचण येत नाही, हा तिचा मोठा फायदा. राष्ट्रीय वनात घर, तळ किंवा मुक्कामाच्या जागेपासून १५० यार्डांच्या आत आणि रस्त्यावरून किंवा पाण्यावरून गोळी झाडायला मनाई आहे. पेनसिल्वेनियात गाडीत भरलेली रायफल ठेवता येत नाही. आपल्या मंडळींसाठी महत्त्वाचं: एच-वन-बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, शिकारीच्या वैध परवान्यासारखे काही ठरावीक अपवाद सोडून. ग्रीन कार्डवर घेता येते. बंदूक विकत घेताना दुकानात भरायचा फॉर्म ४४७३ नीट वाचूनच सही करा.

घ्यायची असेल तर दुकानदाराच्या परवानगीने, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, दस्ता बराच वेळ उघडा-मिटा. उघडल्यावर रिसीव्हर एका हाताने आवळून दस्ता दोन्ही बाजूंना ढकला. हलला तर ती रायफल परत करा आणि दुसरी मागा. खोबणीत धातूचं अस्तर आहे का ते टॉर्च मारून बघा. नुसतं पॉलिमर दिसलं तर त्या किमतीत घेऊ नका. आणि घडीच्या दस्त्याला वॉरंटी आहे, हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. माझ्याकडे ते असतं तर अर्धा पत्रव्यवहार वाचला असता. थंडीत मी आता बिजागरीभोवती रबराची रुंद पट्टी गुंडाळतो. बर्फ आत शिरत नाही आणि खर्च शून्य, कारण ती जुन्या सायकलच्या ट्यूबमधून कापलेली आहे.