तिची साक्ष अजून दाखवतात, ती मात्र इन्सुलिनवरच आहे

प्रार्थनेवर माझा विश्वास आधीही होता, आजही आहे. मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, कुणी आजारी पडलं की पाळक आणि मंडळीतले वडीलजन घरी येतात, तेल लावतात, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तेच सांगितलंय. त्यासाठी आमच्याकडे आजवर कुणी पैसा मागितला नाही. म्हणूनच प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणाऱ्या त्या आरोग्यसभेत मी सावध राहायला हवं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज चार वेळा टोचून घेऊन ती कंटाळली होती. तिला सभेला मीच आग्रहाने नेलं.

दारात अर्ज भरून घेतला. नाव, आजार, किती वर्षांचा, सोबत कोण आलंय. एक बाई शेजारी बसून फार मायेने विचारपूस करत होत्या. दोन तासांनी स्टेजवरच्या सेवकाने, म्हणजे प्रचारकाने, डोळे मिटून बहिणीचं नाव घेतलं, आजार सांगितला, "मोठ्या बहिणीने तुला आणलंय" असंही म्हणाला. मी रडत गुडघ्यांवर बसले. हे सगळं आम्हीच लिहून दिलं होतं, ते मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

ही युक्ती जुनी आहे, हे पुढे कळलं. १९८६ मध्ये अमेरिकेत जादूगार जेम्स रँडी यांनी पीटर पॉपॉफ या प्रचारकाचं बिंग फोडलं होतं. लोकांनी प्रार्थनेच्या कार्डांवर लिहिलेली माहिती त्याची बायको वायरलेसवरून त्याच्या कानात सांगायची, आणि तो ती देवाने प्रकट केली असं भासवायचा.

बहिणीला स्टेजवर नेलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती कोसळली, उठल्यावर "आता इन्सुलिन घेणं म्हणजे अविश्वास" असं तिला सांगितलं. तिने इन्सुलिनचं पेन फेकून दिलं. कॅमेऱ्यासमोर लगेच बरी झाल्याची साक्ष घेतली. शुगर कुणीही तपासली नाही. मग 'बीज पेरा, नाहीतर आरोग्य टिकणार नाही' म्हणून अर्पण मागितलं. जवळची सगळी शिल्लक मी दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल आणि भरभर चालला होता, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. मी सभेवाल्यांच्या नंबरवर फोन केला. "सैतान आरोग्य हिरावू पाहतोय, डगमगू नका," असं उत्तर मिळालं. त्या एका वाक्यावर मी अर्धी रात्र घालवली. पहाटे तिला अतिदक्षता विभागात ठेवलं. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळतं आणि रक्तात आम्ल साचत जातं, याला कीटोॲसिडोसिस म्हणतात, यात जीव जातो, हे डॉक्टरांनी तिथे सांगितलं. ती वाचली.

मी परत फोन केला तेव्हा म्हणाले, "तुमच्या घरात पाप आहे, विश्वास कमी पडला." पैसे गेल्याचं दुःख मी विसरेन, हे वाक्य नाही. बहीण कितीतरी दिवस स्वतःचं पाप शोधत बसली होती. बायबलमध्ये पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी सोडलं, दुसऱ्या सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दोघांपैकी एकालाही पापी म्हटलं नाही. अलीशा संदेष्ट्याने कोडातून बऱ्या झालेल्या नामानाकडून काहीच घेतलं नाही, आणि नामानाच्या मागे धावत जाऊन चांदी मागणाऱ्या आपल्या चाकराला, गेहजीला, मात्र कोड जडलं. लहानपणापासून ऐकलेल्या या गोष्टी, त्या रात्री एकही आठवली नाही.

जिथे प्रार्थनेला मोल लावतात, तपासणीआधी साक्ष घेतात, औषध सोडायला सांगतात, तिथून आपल्या माणसाला हात धरून बाहेर आणा. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरांनाच विचारा, आणि प्रार्थना खुशाल करा.

साक्षीचा तो व्हिडिओ काढून टाका म्हणून मी तीनदा विनंती केली. तो अजून दाखवतात. रडत रडत इन्सुलिनचं पेन फेकणारी मुलगी तुम्हाला कुठे दिसली, तर ती माझी बहीण असू शकेल. आज सकाळीही तिने इंजेक्शन घेतलंय.