टीमला गोव्यात बसवायचं असेल तर पर्वरीची ही जागा

पर्वरीत हायवेपासून जरा आत एक दुमजली कोवर्किंग (भाड्यानं बसायचं सामायिक ऑफिस) आहे, नाव घेत नाही कारण तक्रारी पण आहेत. आमची टीम चाळीसेक जणांची, निम्मे पुण्याला, काही इथलेच म्हापसा-पणजीकडचे आणि बाकीचे बर्लिनला. वर्षभर सगळं चॅट आणि कॉलवर चालतं म्हणून म्हटलं एक आठवडा सगळ्यांना एकत्र आणू.

नेट पक्कं, लाइट गेली तरी इन्व्हर्टर लगेच उचलतो, आणि खालचा व्हरांडा तर एक नंबर. खरं काम तिथंच झालं. रिलीझच्या आधी कुणी काय तपासायचं यावर चॅटवर कधीपासून नुसती मेसेजमारी चाललेली, ती भानगड मिरची भजी खाता खाता मिटली, कारण समोरच्याचं तोंड वाकडं झालेलं दिसतं हो, चॅटवर नुसता अंगठा येतो. फक्त तिथं जे ठरेल ते त्याच संध्याकाळी लिहून टाका. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, जगभरचे लोक इतकी वर्षं लांब बसून करतायत ते ईमेलच्या जोरावर, सगळं लेखी.

टेस्टिंगवाल्यांना मात्र वरचा मजला दिला आणि तिथं गाडी अडली. वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात, एकाच बिल्डिंगमध्ये बसून परत चॅट सुरू! एमआयटीच्या थॉमस ॲलननं १९७० च्या दशकात दाखवलेलं की बसायच्या जागांत पन्नासेक मीटर अंतर पडलं की इंजिनियर लोकांचं आपसातलं कामाचं बोलणं अगदीच कमी होतं. मधे जिना असेल तर तेवढंही अंतर लागत नाही, हे माझं मत.

सगळ्यात वाईट मीटिंग रूम. बर्लिनच्या काहींना व्हिसा वेळेत मिळाला नाही, ते कॉलवर, आणि हिवाळ्यात ते साडेचार तास मागं म्हणजे आपलं जेवण आटपल्यावर उगवणार. माइक एकच, तोही टेबलाच्या टोकाला, वर पंख्याची घरघर, इकडं सगळे हसतायत आणि तिकडून आपलं "काय झालं, काय झालं". शेवटी एकाच खोलीत बसून प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवर हेडफोन लावून कॉल घेतला, बघणाऱ्याला येडेपणा वाटेल पण तोच कॉल सगळ्यात बरा झाला. मॅनेजरला माइकचं सांगितलं तर म्हणे "बघूया हां".

पाचपैकी साडेतीन. बुकिंग करतानाच वरचा मजला नको म्हणून सांगा, आणि स्वतःची गाडी आणू नका, पार्किंग नाहीच.